सोमवारचा डबा

ये गं, अशी जवळ बस. नांदेडला कॉलेजात गेलीस तशी मावशीला पार विसरलीस! आता निमूट ऐक.

इथं लातूरला आमच्या शेजारी एक कारकून राहतात. उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला नि कचेरीतले उस्मानाबादच्या नावाचे कागद रद्दी झाले. त्या कागदांच्या पाठीवर ते कॉलेजातल्या पोरांची नि आम्हा शेजाऱ्यांचीही वचनं लिहून घेतात. दुष्काळानं जळकोटकडच्या पोरांचे घरचे डबे बंद पडलेत. ज्यांचे अजून एसटीनं येतात, त्यांनी आठवड्यातला एक डबा या पोरांना द्यायचा. "जबरदस्ती न्हाई," म्हणतात, नि सही होईस्तोवर दारातून हलत न्हाईत.

महिन्यात सगळं वसतिगृह वचनात आलं. कारकून लई खूश. मग कळलं, झाडून सगळ्यांनी सोमवार लिहिलाय. सोमवारी महादेवाचा उपास! पोराला भूक लागली तर असू दे, म्हणून आया भाकरी पाठवतातच. जळकोटची पोरं सोमवारी तट्ट फुगायची, मंगळवारी पुन्हा उपाशी.

कारकून परत दारोदार. "आई आवडीचं पाठवते तो वार सांगा."

एक पोरगी म्हणाली, "काका, तुमचा वार कोणता?"

कारकुनांनी आपला कागद काढला. त्यांचाही सोमवारच! तिथंच खोडून त्यांनी रविवार लिहिला. रविवारी त्यांच्या घरी धपाटे असतात. मग पोरांनीही भराभर वार बदलले.

माझाही सोमवारच होता. आले दारात. "मावशी, जबरदस्ती न्हाई." केला बाई शुक्रवार, माझ्या वरणफळांचा.

तुझाही डबा लातूरवरनंच एसटीनं जातो ना? एक वार तो इथंच उतरवून घेऊ. मग लवकर ये परत. येताना वार ठरवून ये, सोमवार सोडून.