मीरासाहेबांच्या गाडीचा थेंब
मीरासाहेब मुलाणींना आयुष्यात एकाच गोष्टीचा गर्व होता, आणि नेमक्या त्याच गोष्टीत ते चुकले होते. पिंपरीहून काळेवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या मोटरसायकली ते विकत घेत आणि तीन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी उभी करत. दगडधोंडे, ओढे, शेताचे बांध, या गाड्यांना काही म्हणजे काही वर्ज्य नव्हतं. खोड एकच. गिअरबॉक्स गळायचा. गाडी जिथे उभी कराल तिथे सकाळी तेलाचा काळा डाग ठरलेला.

"सडा मी घालायचा आणि रांगोळी तुमच्या गाडीने काढायची, असं ठरलंय का आपलं?" असं यशोदाबाईंनी त्यांना गॅरेजात येऊन विचारलं, ते १९६८ साली. यशोदाबाई म्हणजे कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या सुरेंद्र देशमुखांच्या मातोश्री. चिंचवडला त्यांचं बैठं घर होतं आणि पुढे आरशासारखं लखलखीत अंगण. त्यांनी मुलाने मीरासाहेबांकडून घेतलेली गाडी अंगणातून हाकलून गटाराशेजारी लावायला लावली होती.

मीरासाहेबांना ते फार लागलं. आपल्या हातची गाडी, आणि गटाराशेजारी? त्यांनी गिअरबॉक्समधलं तेल काढून टाकलं आणि चाकाच्या बेअरिंगला लावतात ते घट्ट ग्रीस बोटांनी ठासून भरलं. गळती बंद. गाडी पुन्हा अंगणात आली, यशोदाबाईंनी मीरासाहेबांना चहा पाजला, आणि मग काय विचारता! ग्रीस भरून घ्यायला माणसं येऊ लागली. मीरासाहेब गाडीखाली कोरा कागद अंथरत आणि दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवत. "बघा, थेंब न्हाई!" दोन वर्षांत अशा नऊ गाड्या झाल्या.

१९७०च्या जानेवारीत काही हौशी मंडळींनी चिखलीच्या माळावर मोटरसायकलींची शर्यत ठरवली. मुरमाचे चढ, घसरते उतार, मध्ये एक कोरडा ओढा. सुरेंद्र रोज पहाटे सराव करू लागला. शर्यतीला चार दिवस असताना उतारावर त्याच्या गाडीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं. गाडी आडवी झाली आणि सुरेंद्रचं मनगट मोडलं.

प्लॅस्टर घातलेल्या हाताने तोच उलट मीरासाहेबांची माफी मागायला आला. "मीच गाडी दामटली, मीरासाहेब. तुमच्या कामात खोट नाही."

तो गेल्यावर मीरासाहेबांनी गॅरेजात आणून ठेवलेल्या त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला. ग्रीस भरपूर होतं, पण सगळं कडेला, भिंतीसारखं थापलेलं. मधले गिअर मात्र कोरडे ठणठणीत आणि तापून निळे पडलेले. त्यांनी बायकोला, रहमतबीला, हाक मारली. तिने आत डोकावून पाहिलं आणि ती म्हणाली, "थंडीत थिजलेलं तूप पळीनं कोरलं की खड्डा तसाच राहतोय की. तूप काय परत खड्ड्यात येतंय व्हय?"

मीरासाहेबांनी ग्रीसमध्ये बोट फिरवलं; चर तसाच राहिला. गिअर फिरले की ग्रीस बाजूला सरकत होतं आणि सरकलेलं परत येत नव्हतं. तेल असतं तर पुन्हा वाहत आलं असतं. इतकी साधी गोष्ट, आणि पंचवीस वर्षं हातात पाना-पक्कड धरलेल्या माणसाला कळू नये! त्यांना स्वतःची शरम वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. सुरेंद्र तर गप्पच राहणार होता. आपणही गप्प बसलो तर नाव शाबूत राहील. पण बाकीच्या आठ गाड्या आज कुठल्या तरी उतारावर असतील, त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी ते सायकल काढून निघाले. आठही दारांत उभे राहून त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "चूक माझी हाय, गाडी उघडायला आणा." एकाने तोंडावर दार लावलं. दोघांनी गाड्या दुसऱ्या मिस्त्रीकडे नेल्या, पण ग्रीस तेवढं काढून घेतलं. शेवटी ते यशोदाबाईंच्या अंगणात आले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "डाग नको म्हणून हट्ट माझाच होता."

"हट्ट तुमचा व्हता बाई, पण ग्रीस भरलं म्या. आता तेल घालणार, आणि थेंब पडणार. पडलाच पायजे. थेंब पडतोय म्हंजे आत तेल हाय." त्यांनी पिशवीतून डालड्याच्या डब्याचं एक झाकण काढलं. रहमतबीने ते राखेने घासून चकचकीत करून दिलं होतं. "हे गाडीखाली ठेवा."

यशोदाबाईंनी झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि ठेवून घेतलं. पुढे रोज सडा घालताना त्या झाकण उचलत, पुसत आणि पुन्हा जागेवर ठेवत.

पुढच्या जानेवारीत शर्यत पुन्हा ठरली. मनगट बरं झालेलं, गाडी दुरुस्त झालेली. शर्यतीच्या सकाळी सुरेंद्र बूट घालून बाहेर आला, तर किल्ली जागेवर नाही.

"किल्ली माझ्या पदराला आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "आधी मीरासाहेबांना बोलावून आण. आज झाकण कोरडं आहे."

"आई, कोरडं आहे तर चांगलंच की!"

"माझ्यापुढे शहाणपणा नको. जा."

सुरेंद्र सायकलवर गेला आणि मीरासाहेबांना डबलसीट घेऊन आला. ते गाडीखाली आडवे झाले. गिअरबॉक्सच्या बुडाचा बोल्ट कालच्या सरावात ढिला झाला होता आणि तेल माळावरच सांडून गेलं होतं. आत जेमतेम ओल उरली होती. बराच वेळ ते गाडीखालून बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे ओले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही.

त्यांनी बोल्ट आवळला, तेल भरलं, गाडी चालू करून चारही गिअर टाकून पाहिले. मग इंजिन बंद केलं. तिघंही झाकणाकडे बघत उभे राहिले. काही वेळाने एक जाड थेंब लोंबला आणि झाकणात पडला.

यशोदाबाईंनी पदराची गाठ सोडून किल्ली मुलाच्या हातात दिली. "आता जा," त्या म्हणाल्या.