मिरच्यांचा वास

पोरगी पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून आम्ही खोली नवी केली. भिंतींना चकचकीत ऑइलपेंट, वर पीओपी आणि संगमनेरहून टेम्पोतून आलेलं प्लायचं कपाट. मी तेव्हा आजी व्हायची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. कपाटाचं दार उघडून शेजारणींना नव्याचा वास घ्यायला लावायची मी.

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या कोंबल्या. दाराला गोधडी, बाजेखाली शेगडी. मुंगीनंही विचारून आत यावं, असा बंदोबस्त.

मग त्या खोलीत आणखी कुणीतरी राहतंय असं वाटायला लागलं. आत गेलं की डोळ्यांत पाणी, घशात खवखव, डोकं जड. पोरगी म्हणायची, "आई, कपाट उघडलं की कुणीतरी तोंडावर श्वास सोडतंय गं." बाळाच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची. अंघोळीला ओसरीवर आणलं की थांबायची, आत नेलं की पुन्हा सुरू. एवढं डोळ्यांपुढं असून माझ्या डोक्यानं काय काढलं, तर दृष्ट.

"लई मोठी दृष्ट हाय," मी जाहीर केलं. मीठ, मोहऱ्या, मिरच्या बाळावरून उतरवून शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा वास आला नाही तर दृष्ट लागलेली, असं आमच्याकडं मानतात. मिरच्या जळून काळ्या झाल्या. मला वास नाही, पोरीलाही नाही. खोकत तर आम्ही आधीपासूनच होतो. अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला सांगू, माझंच खरं ठरलं म्हणून थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात शेजारची चाची गोधडी बाजूला सारून, तोंडाला पदर लावून दारात उभी. "काय जाळतीस गं? रस्त्यापर्यंत वास येतोय. तुमची नाकं कुठं गेली?"

मी शेगडीवर वाकले. मोठ्यानं श्वास ओढला. काहीच नाही. भूतबाधेपेक्षा त्या काहीच नाहीची भीती मोठी होती. बाळाकडं पाहिलं, तर श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

चाचीनंच त्याला उचलून बाहेर नेलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "नव्या रंगातून, प्लायच्या डिंकातून वाफ निघत राहते, महिनोन्‌महिने. तिनं नाकं बधिर होतात, वास कळेनासा होतो. त्यात तुम्ही शेगडी पेटवून खोली बंद केलीत. आता त्याला तिथं ठेवू नका." ती शिट्टी राहील का, हे मी विचारलं. त्यांनी आत्ताच सांगता येत नाही म्हटलं.

बाळंतीण आणि बाळ मग ओसरीवरच राहिली, भर वाऱ्यात. नातू आता शाळेत जातो. कुणाच्या घरी नवा रंग असला की खेळता खेळता त्याची छाती वाजायला लागते. त्याला ते कळायच्या आधी मला ऐकू येतं. मी बोलता बोलता थांबते, आणि पोरगी पिशवीतून त्याचा दम्याचा पंप काढते.