भाऊजींचा सर्व्हर आणि माझी साफसफाई

एका दिवाळीच्या आधी मी घरातली जळमटं काढली, डबे घासले, माळा झाडला आणि तेवढ्यावर न थांबता धाकट्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा कॉम्प्युटरही आवरला. त्यात ‘जावा’ नावाचा एक फोल्डर होता. तो उघडताना मी कधी कोणाला पाहिलं नव्हतं, आणि जे वर्षभर कोणी उघडत नाही ती अडगळ, हा माझ्या संसाराचा नियम. मी तो टाकून दिला. वर कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण सणासुदीला भरली टोपली घरात ठेवणं मला पटत नव्हतं. तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट देवघराशेजारी फ्रेम करून लावणारी बाई होते. आता आठवलं की त्या बाईच्या हातातला झाडू काढून घ्यावासा वाटतो.

पण खरी गोष्ट भाऊजींची आहे. त्यांच्याइतका सावकाश माणूस यवतमाळ जिल्ह्यात झाला नाही आणि पुढे होणार असेल तर त्याला यायलाही उशीर होईल. पुसदची गाडी समोर उभी असली तरी ते तिच्याकडे इतका वेळ मायेनं पाहत राहायचे की ती निघून जायची. मग “दुसरी येईन न” म्हणत बाकावर बसायचे. चहा थंड झाल्यावरच प्यायचे, कारण गरम चहा माणसाला घाई करायला लावतो असं त्यांचं मत होतं. काहीही बिघडलं की हात न लावता आधी त्याच्या शेजारी बसायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. माझा मिक्सर बंद पडला तेव्हा त्यांनी विचारलं, “काल याले काय खाऊ घातलं होतं?” मी म्हटलं, हळद. “आख्खी?” मी म्हटलं, हो. “मंग त्याचं काही चुकलं नाही,” म्हणाले, आणि मिक्सरच्या पाठीवरून हात फिरवला.

पुण्याची नोकरी सोडून ते दिग्रसला परतले आणि रस्त्याकडच्या खोलीत त्यांनी त्या कॉम्प्युटरवर आपला सर्व्हर मांडला. बाजारात कापसाचा भाव फुटला, म्हणजे दिवसाचा दर जाहीर झाला, की मी तो टाइप करायचा आणि मग महागावचा फोन बूथवाला असो की पुसदचा सायबर कॅफेवाला, ज्याला हवा त्यानं तो आपल्या कॉम्प्युटरवर पाहायचा. त्या वर्षांत कापसानं भल्याभल्यांची झोप उडवली होती. माल आणावा की घरीच ठेवावा, एवढ्या एका विचारात गावंच्या गावं सकाळी गप्प बसून असायची. पण आमचा भाव कोणी पाहतं की नाही? भाऊजी स्क्रीनवरचे आकडे दाखवायचे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सरकीचे व्यापारी. ते म्हणायचे, “आकड्याले तोंड असते काय? मानूस दाखव.” दिवाळीपर्यंत माणूस दिसला नाही, तर खोलीत सरकीची पोती पडणार आणि भाऊजी पुण्याला परत जाणार, असं ठरलं होतं. भाऊजी गेले असते तर त्या घरात माझ्याशी बोलणारं फक्त कुकर उरलं असतं.

आणि नेमकी मी साफसफाई केली, आणि सर्व्हर ज्याच्या जोरावर चालायचा तो जावाच टाकून दिला. भारनियमन संपून लाइट आली, भाऊजींनी सर्व्हर सुरू केला, तर एक काळी खिडकी उघडली आणि डोळा लवायच्या आत मिटली. परत उघडली, परत मिटली. भाऊजींनी विचारलं, वहिनी, तुम्ही काही केलं काय? मी म्हटलं, छे, काही नाही. त्यावर ते खिन्नपणे म्हणाले की आजवर जेवढी यंत्रं बंद पडली, त्यांच्यापैकी एकाच्याही मालकानं काही केलेलं नव्हतं. मग त्यांनी काहीतरी टाइप करून ती काळी खिडकी थांबवून धरली, तिच्यातली एक ओळ वाचली, गालात हसले आणि गच्चीवर जाऊन खाटेवर आडवे झाले.

गच्चीवर माझा मूग वाळत होता. कबुतरं येऊ नयेत म्हणून भाऊजींच्या ड्रॉवरमधल्या चकचकीत सीड्या मी दोऱ्यानं टांगल्या होत्या. वाऱ्यावर त्या गरगरत होत्या, भिंतीवर इंद्रधनुष्याचे ठिपके धावत होते, आणि भाऊजी गाण्याच्या मैफिलीला बसल्यासारखे त्यांच्याकडे पाहत होते. मी जिना चढून जायची, म्हणायची, भाऊजी, उठा न. “पाहून राह्यलो, वहिनी.” काय पाहता? “कसं फिरते ते.” माझ्या पापानं हा भला माणूस कामातून गेला, असं समजून मी खाली येऊन अनारशांत साखर जास्त घालायची.

खाली फोन वाजला; भावाखाली घरचाच नंबर दिलेला होता. मामाजींनी उचलला. महागावहून कोणी विचारत होतं, आज भाव काहून दिसून नाही राह्यला? मामाजींनी चिडूनच सांगितला. ठेवला तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा. दुपारपर्यंत त्यांनी चष्मा पुसून ठेवला, खुर्ची फोनजवळ ओढली, आणि आधी भाव, मग तुमचं गाव कोणतं, पाणी कसं झालं, अशी चौकशी सुरू झाली. एक बाई म्हणाली ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, कारण मामाजींनी रिसीव्हर स्वयंपाकघराकडे धरून ते तिलाच मोठ्यानं परत म्हणायला लावलं होतं: “काकाजी, बंडी भरून, बैल जुपून उभी हाये, पन तुमचा भाव पाह्यल्याबिगर आमी हालत नाही.” मामाजी ताटावर उशिरा आले आणि एक कान फोनकडे ठेवून जेवले.

उन्हं कलली तेव्हा भाऊजी उठले. एका सीडीचा दोरा तोडला, कापसाच्या बोळ्यानं ती पुसली, कॉम्प्युटरमध्ये घातली, आणि सर्व्हर सुरू झाला. त्या दिवशी त्यांनी चहा गरम असताना प्यायला; मी पहिल्यांदाच पाहिलं. मामाजी दारात आले, खोलीभर नजर फिरवली, आणि सरकी मागच्या पडवीत टाकायला सांगून फोनजवळ जाऊन बसले.

आता भाव ज्याच्या त्याच्या खिशात असतो. मामाजी नाहीत. तो फोनही कधीच मुका झाला, तरी खुर्ची मी तिथून हलवलेली नाही. साफसफाईच्या बाबतीत मी फार सुधारले. पण त्या पाडव्याला, मूग भरताना, मला राहवलं नाही. मी भाऊजींना सगळं सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. ते उरलेल्या सीड्यांकडे पाहत होते. बराच वेळ पाहून झाल्यावर म्हणाले, “जावा नाही हे मले सकाळीच दिसलं होतं, वहिनी. त्याची सीडी कुठं टांगली हाये तेबी दिसून राह्यलं होतं. पन बाबा फोन उचलून राह्यले होते. म्हनलं, उचलू द्या.”