खालाची अर्धी कॅसेट

बहरीनला माहूजमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडची एक म्हातारी शिवणकाम करायची. सगळे तिला खाला म्हणत, मीही. नव्वदच्या दशकात माझ्या नवऱ्याने हौसेने व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि मी तो खालापुढे धरला. तिचा नवरा गेल्यावर परक्या मुलखात तिने मशीनवर तीन मुली कशा वाढवल्या, ते तिच्याच तोंडून हवं होतं मला. अर्धं झालं, तेवढ्यात धुळीचे दिवस आले, माझा दमा उसळला. "आता सुट्टीवरून आल्यावर, खाला," म्हटलं. आमचं सगळंच सुट्टीवरून आल्यावर!

मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांकडे क्युबातला सिनेमा पाहिला. आफ्रिकी वंशाच्या बाईने केलेला. तिथे सिनेमा करणारी ती पहिलीच बाई, म्हणे. साधी माणसं, त्यांचीच घरं, त्यांचीच भांडणं. पुरुषांना असं उघडं पाडलं होतं की माझा नवरा चुळबुळत बाल्कनीत गेला. मी तर खुळावलेच. चार दुपारी खपून तिला इंग्रजीत पत्र लिहिलं: मीही एका बाईची फिल्म करतेय, पुढे कसं जाऊ?

पत्ता मागायला त्या गृहस्थांकडे गेले.

"अहो, ती जाऊन वीस वर्षं झाली. दम्याने गेली. हा सिनेमा अर्धाच ठेवून. सोबत्यांनी पुरा केला."

"वय काय होतं?"

"तुमच्याएवढीच असेल."

मी पर्समधला दम्याचा पंप उगाच चाचपला. रागही आला. अशी कशी मेली मधेच गेली? मी चार दुपारी कुणाशी बोलत होते मग?

घरून कॅमेरा उचलला आणि तडक खालाकडे. धापा टाकत सगळं सांगितलं. "बसा. आजच पुरं करायचं. तुमचं वय झालंय, काही भरवसा आहे का?"

खालाने मशीन थांबवलं.

"माझा? बाय गो, मेली ती कॅमेरावाली ना?"

मी पंप तोंडाशी नेला. खालाने माझ्याकडे नीट पाहिलं, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"यल्ला, चल, दे इकडे. बटण कुठचं ते दाखव. तुला काय झालं तर माझं अर्धंच राहील."

मी हसायला गेले आणि ढसाढसा रडले.

ती कॅसेट पुढे पुरी झाली. तिच्यात मधेच पाच मिनिटं मी आहे: खालाने टिपलेली, कपाळ चौकटीबाहेर गेलेली, तोंडाला पंप लावलेली.