हेलिकॉप्टरातली झोप

घरी पाहुणे आले की माझी ही गोष्ट हमखास निघते. हिमालयात नेलं, हेलिकॉप्टरात बसवलं, आणि ही बया वर जाऊन घोरत पडली! सांगणारे आमचे मालक, हसणारे पाहुणे, आणि चहा टाकायला उठणारी मी. पण मालक गोष्ट अर्धीच सांगतात. म्हणून उरलेली मी लिहिते आहे.

आमचं घर निमगाव केतकीच्या अलीकडे, उसाच्या मळ्यात. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांच्या लहानपणी घरात मेंढरं होती. रानात हाका मारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की बांधावरून हाक मारली तर तिसऱ्या मळ्यातला माणूस ओ द्यायचा. निवडणुका आल्या की आमच्या डोक्यावरून बारामतीकडे हेलिकॉप्टरं जायची. एकदा एक इतकं खालून गेलं की अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर फुफाटाच फुफाटा. आत्या पदर खोचून बाहेर आल्या आणि आभाळाकडे हात करून ओरडल्या, "आरं ए, आदी कॅनॉलला पाणी सोडा म्हणावं!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वर बसल्याव खालचं काय आयकू येतंय त्यास्नी!" तेव्हापासून दिसेल त्या हेलिकॉप्टरला पाण्याची आठवण करून द्यायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

पुढे अर्धांगाचा झटका आला आणि नेमका तो आवाजच गेला. डावा हात तेवढा चालायचा. त्या हातात स्टीलचा पेला असायचा, तो त्या कॉटच्या लोखंडी कडेवर आपटायच्या. टण, टण. पाणी हवंय, कूस बदलायचीय, पंखा नकोय, किंवा नुसतंच कुणीतरी जवळ हवंय. चार वर्षं मी त्या आवाजावर कान ठेवून काढली. शेण काढताना, भाकरी थापताना, झोपेतसुद्धा. झोप आपली म्हणायची, एक कान जागाच असायचा. वैतागले नाही म्हटलं तर खोटं होईल. पुष्कळदा वैतागले.

त्या गेल्या तेव्हा मला रडू आलं नाही. बायका गळ्यात पडल्या आणि मी त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं. "सुटली बिचारी," कुणीतरी म्हणालं. आत्यांना म्हणालं की मला, ते मी विचारलं नाही. मी तर कुठे सुटले होते? कॉट माळ्यावर गेली तरी कान तसेच राहिले. फाटकाची कडी वाजली तरी मी हातातलं टाकून धावायचे. लेक पुण्यात नोकरी करते. तिनं हे पाहिलं आणि रजा काढून आम्हा दोघांना उत्तराखंडात घेऊन गेली.

"आई, तिथं फक्त बघायचं आणि झोपायचं," म्हणाली. जणू दोन्ही माझ्या हातात होतं.

घाट सुरू झाला आणि मला कळेना, आवाज कुठून येतोय. लेकीची स्टीलची पाण्याची बाटली मागच्या पिशवीत होती. गाडी वळली की ती सीटच्या लोखंडावर आपटायची. टण. मी मागे वळायचे. तेवढ्यात पुढे मालक ओरडायचे, "आगं, फुडं बघ की! कड्याव रानबकऱ्या! कसल्या दांडग्या हायती!" मी वळेपर्यंत कड्यावर फक्त चार खडे घरंगळत असायचे. लाल कोल्हा रस्ता ओलांडून गेला, तो दोघांनी पाहिला. मला वानरं दिसली, तीही पाठमोरी. बाटली काढून मांडीवर घेतली असती तर भागलं असतं. ते मला सुचलं नाही, की सुचू द्यायचं नव्हतं, देव जाणे.

मालक मजेत होते. प्रत्येक नदी पाहून हळहळायचे, "एवढं पाणी खाली चाललंय बघ, आन आपण कॅनॉलच्या आवर्तनाची वाट बघत बसलोय!" मला मात्र डोंगर दिसत होते आणि काहीच वाटत नव्हतं. बर्फ आहे, बरं. दरी आहे, बरं. अंगात शीण असा मुरला होता की वाटायचं, आता आपल्याला कशाचं काही वाटणारच नाही. त्याचीच भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर. डोंगरांवरून फेरी मारून आणतात तसलं. आधी सगळ्यांना काट्यावर उभं केलं. मालक म्हणाले, "उसाची ट्रॉली हाय व्हय आमी? उतरल्याव रिकामी बी मोजणार काय?" मला मधली जागा मिळाली. कुणीतरी माझ्या कानांवर जाडजूड हेडफोन बसवले. पंखा फिरला, सगळं थरथरलं, आणि त्या घरघरीत बाकीचं जग बुडून गेलं. लेकीचे ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. वर बसल्यावर खालचं काय ऐकू येतंय, असं मनात आलं. आत्या, आता तुम्ही पेला आपटलात तरी मला कळायचं नाही.

नंतरचं मला आठवत नाही. लेकीनं काढलेल्या फोटोत मागे बर्फाची शिखरं आहेत आणि पुढे मी, तोंड उघडं टाकून.

दंडाला हलवून उतरवलं तेव्हा मालक तापलेच होते. "आगं, झोपायला घरी खाट न्हवती व्हय?" मी बाकावर बसले. पंखा फिरता फिरता थांबला. एकदम शांत झालं. सवयीनं मी कान दिला, आणि काहीच आलं नाही. पेला नाही, कॉट नाही, मला बोलावणारं कुणी नाही. आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान पोरासारखं.

"भ्याली काय गं?" मालकांनी विचारलं.

"आत्या गेल्या हो," मी म्हटलं.

मालक माझ्या शेजारी टेकले. "व्हय. गेली," एवढंच म्हणाले. आईला अग्नी देतानासुद्धा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं, ते आता दिसलं.

पुढची माणसं बसली, हेलिकॉप्टर उठलं, धुरळा उडाला. मालक उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून आभाळाकडे हलवली आणि सगळ्या परक्या माणसांदेखत ओरडले, "आरं ए, आदी कॅनॉलला पाणी सोडा म्हणावं!"

आवाज अगदी आत्यांचा होता. मी रडता रडता हसले. वर कुणालाच ऐकू गेलं नाही.