कादंबरीतलं भूत आणि माझा दादा

पेणच्या एका वाचनालयात मी पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. लोक पुस्तक परत करताना टेबलाशी रेंगाळतात, मत देतात आणि जातात. वाचलेल्यांपेक्षा न वाचलेल्यांची मतं मोठी असतात, तीही मी ऐकून घेते. पण मध्यंतरी एक भुताची कादंबरी आली आणि तिच्याबद्दलची मतं ऐकताना मला टेबलाखाली मुठी आवळून बसावं लागलं.

गोष्ट खाडीकाठची आहे. एक पुढारी, एक येऊ घातलेली कंपनी आणि भातशेती विकायला तयार नसलेलं गाव. खाडीचं पाणी अडवणारा मातीचा बांध फुटतो, खारं पाणी शेतात शिरतं, जमीन नासते आणि मग लोक मुकाट्यानं सह्या करतात. बांधाला पडलेली खांड बुजवताना एक माणूस वाहून जातो. दर भरतीला त्याचं भूत वर येतं, पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसतं, भर सभेत त्याच्या माईकमधून बोलतं. वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? शेवटाकडे ते भूत कबूल करतं की बांध मीच फोडला, मी फितलो होतो.

नावं बदललेली होती. गावही बदललेलं होतं. पण वडखळच्या खालच्या अंगाला खांडीत वाहून गेलेला माणूस आमच्या पिढीत एकच आहे आणि तो माझा सख्खा मोठा भाऊ.

आमच्याकडे खांड गेली की हाळी पडते आणि घरटी एक माणूस हातातलं टाकून बांधावर धावतो. पेंढा, लाकडाच्या मेढी, चिखल येईपर्यंत माणसांनीच खांद्याला खांदा लावून पाण्यात उभं राहायचं. दादा तसा उभा राहिला आणि पाण्यानं त्याला नेलं. ओहोटीला तो खाडीतल्या चिपीच्या झाडांत सापडला. खांडीनं ज्याला नेलं तो त्या बांधाचा राखणदार होतो, असं आमच्यात मानतात. होळी झाल्यावर बांधाची डागडुजी निघते, तेव्हा पहिला नारळ त्याचा, आणि तो फोडायचा वहिनीनं. एरवी विधवा बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. त्या दिवशी मात्र सगळी गावकी बांधावर तिची वाट बघत थांबायची. दादाच्या मागं तिला एवढाच मान उरला होता.

हे सगळं वाचनालयातल्या कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. लोक येत आणि माझ्यासमोर भांडत. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, "जबरदस्त लिहिलंय हो. एकदाचं कोणीतरी आपल्या साहेबांचं नाक कापलं." त्यांच्या मागं रांगेत उभा असलेला साहेबांचा कार्यकर्ता खवळला. त्याचं म्हणणं, हे विरोधकांनी लिहवून घेतलंय, साहेबांचा काही संबंध नव्हता, त्या माणसाला दुसऱ्याच पार्टीनं फितवलं होतं. काका म्हणाले, तुमच्याच पार्टीनं. झालं, जुंपली. एक शाळामास्तर तिसरंच धरून बसले, की आजच्या काळात भुताखेताचं पुस्तक लिहिणं म्हणजे अंधश्रद्धा आणि वाचनालयानं ते ठेवूच नये. आणि गणपती कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या दोघी जणी होत्या, त्यांना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. "भूत लय भारी हाय. पण एकटीनं नाय वाचायचं," एवढंच त्यांचं मत. सगळ्यांत मला त्याच बऱ्या वाटल्या.

ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ही माणसं एकमेकांच्या नरडीला लागली होती ती कोणी फितवलं यावरून. फितला की नाही, हा प्रश्न एकाच्याही तोंडून येत नव्हता. तो दोन्ही बाजूंनी कधीच निकालात काढला होता.

मग रोह्याच्या एका वाचक मंडळानं या कादंबरीवर चर्चा ठेवली. मी रजा टाकली आणि एसटीत बसले. नागोठण्यापर्यंत मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, पुढं सगळी विसरले. हॉल भरलेला होता. दोन बाजू समोरासमोर बसवल्या होत्या, एक कादंबरीच्या बाजूनं, एक विरोधात. चहा झाला, टाळ्या झाल्या, एकानं पुढाऱ्यांची पिढीजात कुंडली मांडली, दुसऱ्यानं प्रकल्प किती गरजेचा आहे ते सांगितलं. शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मी उभी राहिले.

मी विचारलं, "बांध त्या माणसानंच फोडला, हे कशावरून?"

व्यासपीठावरचे गृहस्थ गोड हसले. "अहो ताई, ती कादंबरी आहे. कल्पना आहे. एवढं मनावर घ्यायचं नसतं."

बरं. कल्पना तर कल्पना. मी खाली बसते न बसते तोच तेच गृहस्थ दुसऱ्या कोणाला तरी सांगू लागले, "आपल्या भागात हे घडलेलंच आहे. आतला माणूस फितल्याशिवाय बांध जात नसतो." समोरच्या बाजूचा माणूसही मान डोलवत होता. दोन तासांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. मी पुन्हा उठले आणि म्हटलं, मी विचारते तेव्हा ती कल्पना आणि तुम्ही सांगता तेव्हा घडलेलं, हा कुठला न्याय? माझा आवाज चढला होता, चढणारच. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "खाई त्याला खवखवे." थोडं हसू पिकलं. तो माझा भाऊ होता, हे मी तिथं सांगितलं नाही. त्या हॉलमध्ये दादाचं नाव काढायची मला किळस आली. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडले, संतापानं.

पुस्तकं हॉलमध्ये राहतात असं मला वाटलं होतं. पण आता गावातली पोरं मोबाईलवर सगळं बघतात. कोणी तरी भुताच्या कबुलीचं ते पान फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकलं. कादंबरी गावात कोणी वाचली नव्हती, पान सगळ्यांनी वाचलं. आमच्या गावात जमीन विकायची म्हणणारे आणि नाही म्हणणारे एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. पण होळीनंतर गावकी बसली तेव्हा दोघांनी एकाच तोंडानं ठरवलं. दादाच्या बरोबरीचा एक जण वहिनीच्या दारात आला. आवाज अगदी मऊ होता त्याचा.

"वयनी, औंदा नारळ देवलान फोडू. खांडीवर नको."

वहिनीनं कारण विचारलं नाही. मला फोन केला आणि म्हणाली, "येताना ती बुक घेऊन ये."

मी गेले. ती ओट्यावर वाल निवडत बसली होती. म्हणाली, वाच. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, समद्यांनी वाचलंय, मीच तेवढी राहिलेय. मग मी ते पान वाचून दाखवलं. भूत कसं पाण्यातून वर येतं, कसं बोलतं, कसं कबूल करतं. ती शेवटपर्यंत निवडत राहिली. मी पुस्तक मिटलं.

मग म्हणाली, "त्या दिवशी दुपारचा तो जेवाय बसलेला. अर्ध्या भाकरीवरनं उठला. हाळी त्याच्यानंतर पडली गो. तो गेला तवा हाळी नव्हती पडली."

मला ती काय विचारतेय ते कळलं. आजवर हीच गोष्ट ती अभिमानानं सांगायची.

मी म्हटलं, "वहिनी, अवसेची भरती होती. उधाणाच्या दिवशी दादा कधी सुखानं जेवला का? लहानपणापासून बघतेय मी त्याला. पाण्याचा आवाज बदलला की तो उठायचा. बाबाही तसेच होते. त्यानं बांध फोडला असता तर खांडीत सगळ्यांच्या पुढं उभा राहिला असता का तो? बुडेपर्यंत?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, अगदी मायेनं, लहान नणंदेकडं बघावं तसं.

"तू त्याची बहीण हायस गो," ती म्हणाली. "तू तसंच बोलशील."