न गाळलेलं पाणी

"काका, आई गेला," फोनवर मीरा म्हणाली. कार्डिफमध्ये वाढलेल्या या मुलीचं मराठी असंच आहे. एरवी मी हसून दुरुस्त करायचो. त्या सकाळी केलं नाही... आता महिना उलटला. इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत तिच्या आईला, नलिनीला, शांत आणि सोशिक म्हटलं गेलं. ती दोन्ही नव्हती, हे कुणीतरी लिहायला हवं.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं एकाच लॅबमध्ये तळ्याच्या पाण्यातल्या जिवाणूंवर काम करत होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून आलेला, स्वच्छतेचा भक्त. पाणी आणलं की आधी बारीक फिल्टरमधून गाळायचं, ही तिथली पद्धत. जिवाणू त्यातून खाली उतरत. पण त्यांना खाणारे, त्यांच्याहून थोडे मोठे, शेपटी हलवत फिरणारे एकपेशी जीव वरच अडकत आणि सिंकमध्ये जात. नलिनीने एक बाटली न गाळता ठेवली. काही दिवसांनी तिने मला मायक्रोस्कोपपाशी ओढलं. गाळलेल्या पाण्यात नेहमीचे आखूड, गोलसर जिवाणू. न गाळलेल्यात ते जवळजवळ संपलेले आणि त्यांच्या जागी लांबच लांब धागे. "गिळता येत नाहीत म्हणून उरलेत," ती म्हणाली. "कुणी राहायचं ते खाणारा ठरवतोय. आणि आपण त्यालाच रोज सिंकमध्ये ओततो."

आमच्या प्रमुखांच्या मते ती बाटली बिघडलेली होती. अहवालातून वगळा, म्हणाले. नलिनीचं कॉन्ट्रॅक्ट त्याच अहवालावर वाढणार होतं. मीही तिला समजावलं, "वगळ ना. मीरा लहान आहे, मॉर्गेज आहे."

"तुझा सल्लासुद्धा गाळून आलाय रे," ती म्हणाली. मग तिने गाळलेल्या पाण्यात ते खाणारे जीव परत सोडले. धागे पुन्हा आले. अहवाल तिने त्या बाटलीसकट तसाच्या तसा दिला. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही, माझं वाढलं. खिडकीजवळचं तिचं टेबलही मला देऊ केलं, आणि मी ते घेतलं... ती कॉलेजात शिकवू लागली. मी माफी मागायला गेलो की म्हणायची, "माफीचं मी काय करू? तू पाणी गाळणं थांबवलंस का, ते सांग." नव्वदच्या दशकात दुसऱ्या लॅबमधल्या लोकांनाही असेच धागे दिसू लागले. त्यांच्या शोधनिबंधाची फोटोकॉपी घेऊन मी धावत तिच्याकडे गेलो. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. "बरं आहे," म्हणाली, "पण यांनी बाटली जरा लवकर फेकली."

अंत्यविधीनंतर आम्ही तिच्या घरी जमलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमच्या बरणीत हिरवट पाणी होतं. पार्कमधून फिरून येताना ते भरून आणायची तिला सवय होती. तिच्या नणंदबाईंनी आवराआवर करताना बरणी उचलली आणि सिंकवर कलती केली. मी आयुष्यभर मान डोलावत आलेला माणूस.

"अहो, ती खाली ठेवा," मी म्हणालो.

"वास येतोय त्याला."

"येऊ द्या." मी बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि परत खिडकीत ठेवली. खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. बघू देत, म्हटलं.

परवा मीराचा फोन आला. "काका, त्या बरणीतल्या लोकांना खायला काय घालू?"

"काही नको," मी म्हणालो. "त्यांचं जेवण आत चालूच आहे."